परतीची वाट कोण सांगणार?

घरात एकच राउटर असला की त्याला काही शिकवावं लागत नाही. एका बाजूला घरातले फोन आणि लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला इंटरनेट. दोन्ही बाजू थेट त्याच्याच पोर्टांना जोडलेल्या असतात, म्हणून त्या त्याला आपोआप ठाऊक असतात. राउटिंग खऱ्या अर्थाने सुरू होतं ते दुसरा राउटर आल्यावर. आता पहिल्याच्या दृष्टीआड एक नेटवर्क असतं आणि ते कुठे आहे, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून नेटवर्किंग शिकणाऱ्याने घरी करायचा सगळ्यात छोटा, तरीही भरीव सराव हाच: दोन संगणक, मधे दोन राउटर, आणि या टोकाचा पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी छोटी हाक, त्या टोकाला पोचवून तिचं उत्तर परत आणायचं.

हा सराव खऱ्या यंत्रांवर करावा की पडद्यावर? अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे अजूनही ज्याला सगळे नगर म्हणतात तिथे, या प्रश्नाला वजन आहे. १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा हा जिल्हा. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून शिकायला आलेल्या मुलांना कॉलेजच्या लॅबमध्ये एका राउटरमागे घोळक्याने उभं राहावं लागतं. हात बसायचा तो घरीच. खालच्या संवादातले मामा आणि भाची मी रचले आहेत. मामा दूरसंचार खात्यात आणि पुढे बीएसएनएलमध्ये तंत्रज्ञ. ३१ जानेवारी २०२० रोजी सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, त्यांतले एक. घर श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्याजवळ. भाची नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते आणि सुट्टीला मामाकडे आली आहे. टेबलावर सिस्कोचे दोन जुने १८४१ राउटर, तिचा लॅपटॉप आणि मामांचा जुना संगणक.

भाची: मामा, एवढं ओझं कशाला आणलंत? माझ्याकडे पॅकेट ट्रेसर आहे. सिस्कोचाच सिम्युलेटर, आणि फुकट. तुमचे राउटर दोन, मला हवे तर वीस मिळतात. एसटीत बसल्या बसल्या जोडते.

मामा: वीस जोड, माझी ना नाही. आधी हे दोन जोडून दाखव. ही केबल, हे कनेक्टर, हा क्रिम्पर.

भाची: पडद्यावर विजेच्या चिन्हावर क्लिक केलं की योग्य केबल आपोआप लागते.

मामा: इथे ती तुला बनवायची आहे. सांग, रंग कसे लावशील?

भाची: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाठ आहे मला.

मामा: आणि दुसऱ्या टोकाला?

भाची: तेच.

मामा: मग दिवा लागायचा नाही. राउटर-राउटर समोरासमोर आहेत. दोघंही एकाच तारेवर बोलणार आणि एकाच तारेवर ऐकणार. एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल कर.

याला क्रॉस केबल म्हणतात. हल्लीच्या लॅपटॉपचं गिगाबिट पोर्ट केबल सरळ आहे की क्रॉस ते ओळखून स्वतःला जुळवून घेतं, त्यामुळे आजच्या मुलांना हा फरक पुस्तकातच भेटतो. जुन्या राउटरची पोर्टं असं जुळवून घेत नाहीत. दिवा लागत नाही, आणि शिकणारा तासभर कमांड तपासत बसतो. बिघाड असतो आठ बारीक तारांपैकी चारांत. या तारा नखाने सरळ करायच्या, रंगांच्या क्रमाने शेजारी शेजारी धरायच्या, एकसारख्या कापायच्या आणि क्रम न हलवता कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सारायच्या. क्रिम्पर दाबण्याआधी कनेक्टर उजेडासमोर धरून आठही टोकं पुढच्या भिंतीला टेकलीत का ते पाहायचं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजच्या एमडीएफवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडतात त्या चौकटीवर, जोड्या ठोकलेल्या मामांना या कामाचं महत्त्व वाटणारच. मला ते रास्त वाटतं.

भाची: बरं, लागला दिवा. आता पत्ते देते. पुस्तकात आहे तसं, माझा लॅपटॉप १९२.१६८.१.१० आणि पहिला राउटर १९२.१६८.१.१. करू पिंग? बघा, उत्तर आलं!

मामा: लॅपटॉपकडच्या पोर्टला 'नो शटडाऊन' दिलंस?

भाची: अं... नाही. पण उत्तर येतंय ना!

मामा: लॅपटॉपची केबल काढून बघ.

भाची: काढली. तरी येतंय. हे कसं काय?

मामा: तुझं वायफाय चालू आहे. हॉलमधल्या वायफाय राउटरचा पत्तासुद्धा १९२.१६८.१.१ आहे. तुला उत्तर तो देतोय. माझ्या राउटरचं पोर्ट अजून बंदच आहे.

इथे थोडं थांबायला हवं. घरात वापरायचे खासगी पत्ते फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात दिले आहेत. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते इंटरनेटवर फिरत नाहीत, म्हणून कुणीही कितीही ठिकाणी वापरावेत. त्यामुळेच घरोघरच्या वायफाय राउटरांवर तेच तेच पत्ते सापडतात, आणि पुस्तकांतल्या उदाहरणांतही तेच. घरच्या लॅबमध्ये या दोघांची गाठ पडली की खोटं यश मिळतं, आणि अपयशापेक्षा ते जास्त वेळ खातं. सिम्युलेटरमधल्या जगाला हॉल नसतो, हॉलमध्ये वायफाय नसतं, त्यामुळे ही चूक तिथे घडूच शकत नाही. मामांचा पहिला खणखणीत मुद्दा हा.

वायफाय बंद झालं आणि पत्ते बदलले. भाचीच्या बाजूला १७२.१६.१०.०, मामांच्या संगणकाच्या बाजूला १७२.१६.२०.०. दोन राउटरांमधल्या केबलला १०.०.०.० चा चारच पत्त्यांचा तुकडा. त्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा सगळ्यांना हाक मारायचा, मधले दोन दोन राउटरांना. दोन्ही संगणकांना आपापला राउटर गेटवे म्हणून दिला.

भाची: आता तुमच्या संगणकाला पिंग. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल.'

मामा: ओळ पूर्ण वाच. हे कोण सांगतंय?

भाची: १७२.१६.१०.१. म्हणजे माझाच राउटर.

मामा: मग त्याला वीसची वाट माहीत नाही. सांग त्याला, १७२.१६.२०.० कडे जायचं असेल तर पॅकेट १०.०.०.२ च्या हाती दे.

भाची: दिला रूट. आता 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट.' कुणीच काही बोलत नाही.

मामा: थांब. हे आपल्या पाटासारखं आहे. भंडारदऱ्याचं पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून डावा आणि उजवा कालवा निघतो. पुढे चारी, पोटचारी, मग शेत. आवर्तन सुटलं की फाट्यावर कोणतं दार उघडायचं ते पाटकऱ्याला ठाऊक असतं. राउटर म्हणजे फाट्यावरचा पाटकरी. आपण त्याला दार दाखवलंय. पाणी पोचायला हवं.

भाची: पोचलंच असेल मामा. पण शेतात गेलेलं पाणी ओझरला परत येत नाही, आणि पिंगचं उत्तर मात्र परत यावं लागतं. थांबा, पडद्यावर दाखवते. हीच जोडणी मी पॅकेट ट्रेसरमध्ये केली आहे. सिम्युलेशन मोड लावते. हे पाकीट बघा. माझ्या लॅपटॉपवरून निघालं, पहिला राउटर, दुसरा राउटर, तुमचा संगणक. बरोबरची खूण आली. आता उत्तर निघालं. दुसऱ्या राउटरपाशी आलं आणि लाल फुली.

मामा: म्हणजे माझ्या राउटरला...

भाची: तुमच्या राउटरला माझ्या बाजूची, १७२.१६.१०.० ची, वाट कुणी सांगितलीच नाही. जाण्याची सांगितली, येण्याची नाही. तो तुमच्या संगणकाला कळवतोय की वाट नाही म्हणून. मी या टोकाला नुसती वाट बघत बसलेय.

मामा: हे आतलं दिसतं तरी कसं तुझ्या पडद्यावर! आम्हाला दिवा लुकलुकताना दिसायचा, बस्स.

भाची: अजून एक बघा. पाकिटावर क्लिक केलं की आतले पत्ते दिसतात. पाठवणारा आणि घेणारा, दोघांचे आयपी पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. पण मॅक पत्ते, म्हणजे पोर्टांचे स्वतःचे पत्ते, प्रत्येक टप्प्याला बदलतात. पहिल्या टप्प्यात माझा लॅपटॉप ते पहिला राउटर, दुसऱ्यात राउटर ते राउटर, तिसऱ्यात राउटर ते तुमचा संगणक.

मामा: तीन टप्पे, तीन वेळा नवीन जोडी. हे मी ऐकून होतो, असं डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

माझ्या मते भाचीचा हा मुद्दा मामांच्या सगळ्या मुद्द्यांना पुरून उरतो. खरा राउटर पॅकेट गिळतो तेव्हा आवाज करत नाही. 'अनरीचेबल' आणि 'टाइम्ड आऊट' या दोन ओळींत केवढं अंतर आहे, ते शिकवायला शिक्षकाला फळ्यावर घाम गाळावा लागतो. पहिलीत कुणीतरी उत्तर दिलेलं असतं आणि उत्तर देणाऱ्याचा पत्ताही तिथेच असतो. दुसरीत नुसती शांतता, आणि बऱ्याचदा ती परतीच्या वाटेवर कुठेतरी पडलेल्या पॅकेटची असते. पडद्यावर ती लाल फुली एकदा पाहिली की विद्यार्थी जन्मात विसरत नाही. दोन राउटरांच्या सरावाचं सारं मर्म या परतीच्या वाटेत आहे. एका राउटरवर हा प्रश्न उद्‌भवतच नाही.

दुसऱ्या राउटरला रूट दिला गेला. पडद्यावरचं चित्र लगेच पूर्ण हिरवं झालं. टेबलावर मात्र अजून शांतताच.

भाची: असं कसं? पडद्यावर जातंय.

मामा: एकेक टप्पा तपास. माझा राउटर, १७२.१६.२०.१?

भाची: येतंय उत्तर.

मामा: म्हणजे तिथपर्यंत जायची-यायची वाट ठीक. आता कन्सोल केबल माझ्या राउटरला लाव आणि त्याच्यावरूनच माझ्या संगणकाला पिंग कर.

भाची: येतंय! राउटरला उत्तर देतो आणि मला देत नाही? पॅकेट तर त्याच दारातून आत जातंय.

मामा: दार तेच, पण पाठवणारा परका. तुझा पत्ता दहाचा, राउटरचा वीसचा. विंडोजची फायरवॉल उघड. पिंगचा नियम काढ आणि स्कोप वाच.

भाची: 'लोकल सबनेट.' म्हणजे आपल्याच नेटवर्कमधल्याला उत्तर द्यायचं, बाहेरच्याला नाही. हे माझ्या पुस्तकात कुठेच नाही.

मामा: पुस्तक राउटरचं आहे ना. तुझ्या पडद्यावरचा संगणक आपणहून 'नाही' म्हणत नाही. खरा म्हणतो.

स्कोपमध्ये दहाचं नेटवर्क जोडलं आणि उत्तरं यायला लागली. त्या ओळींत शेवटी टीटीएल १२६ असा आकडा होता. विंडोज उत्तर पाठवताना हा आकडा १२८ ठेवतं आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. १२६ म्हणजे मधे बरोबर दोन राउटर. टेबलावरच्या केबली न पाहताही ही ओळ वाचणाऱ्याला मधली रचना कळते. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला पिंग हा छोटासा प्रोग्राम आजही पहिलं हत्यार म्हणून टिकून आहे, तो यामुळेच. मुलं नुसतं 'रिप्लाय' वाचतात आणि पुढे जातात. त्यांनी ओळ शेवटपर्यंत वाचावी.

एवढ्यात वीज गेली. गावात ती जातेच. राउटर बंद, मामांचा संगणक बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू.

भाची: बघा, माझी लॅब चालू आहे.

मामा: आहे खरी. माझ्या राउटरवर तू कॉन्फिग सेव्ह केलं होतंस?

भाची: रनिंग कॉन्फिग... नाही, स्टार्टअपमध्ये कॉपी करायचं राहिलं.

मामा: मग वीज आल्यावर पत्ते, रूट, सगळं पुन्हा घालायचं.

भाची: हे पॅकेट ट्रेसरमध्येही होतं. राउटरचं बटण बंद करून चालू केलं की न जतन केलेलं पुसलं जातं.

मामा: होत असेल. पण तिथे बटण तू दाबतेस, तेही आठवण झाली तर. इथे वीज तुला विचारून जात नाही. उद्या बँकेच्या एखाद्या शाखेत तू रूट घालून दिलास आणि सेव्ह न करता निघून आलीस, तर रात्री वीज जाईल आणि सकाळी शाखा बंद. लोक पासबुक हातात घेऊन उभे राहतील.

हे काल्पनिक नाही. जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने, पतसंस्था, जिल्हा बँकेच्या शाखा आणि गावोगावच्या विकास सोसायट्या आहेत. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. म्हणजे गावच्या सोसायटीतल्या वहीचं काम आता दूरच्या सर्व्हरशी जोडलं जातंय. शाखा आणि मुख्य कार्यालय, इकडे एक राउटर, तिकडे एक: टेबलावरचीच मांडणी, मधली केबल तेवढी लांब. ती जोडणी तुटते तेव्हा पुण्या-मुंबईहून माणूस यायला दिवस जातो. तालुक्यातलं पोर पंधरा मिनिटांत पोचतं. त्याला परतीची वाट तपासायची सवय असेल, तर काम दुपारच्या आत सुरळीत होतं.

भाची: मामा, मान्य. पण आता माझं ऐका. तुमच्या दोन राउटरांवर मी ओएसपीएफ कसं शिकू? एक वाट तुटली की राउटर दुसरी कशी शोधतात, ते बघायला दुसरी वाट तर हवी. निदान तीन राउटर त्रिकोणात लागतील. दर दहा सेकंदांनी हॅलो जातो, चाळीस सेकंद हॅलो आला नाही की शेजारी गेला असं धरतात. हे मी पडद्यावर रोज करते. तुमच्याकडे तिसरा आहे?

मामा: नाही.

भाची: आणि माझ्या वर्गातल्या मुलींपैकी किती जणींना असे दोनसुद्धा विकत घेता येतील? कुणाच्या घरी एकच लॅपटॉप, तोही भावाबरोबर वाटून. पडदाच नसेल तर त्यांनी शिकायचंच नाही का?

मामा: शिकायचं. त्यांनी आधी पडद्यावरच शिकायचं. हे मी उगाच ताणत होतो म्हणू नकोस, पण यावर माझ्याकडे उत्तर नाही.

भाची: माझ्याकडे आहे. सिस्कोच हवा असं कुणी सांगितलं? इंटरनेट कंपनी बदलली की जुना वायफाय राउटर घरात पडून राहतो. असे दोन मिळाले की झालं. दुसऱ्याचं वॅन पोर्ट पहिल्याच्या लॅन पोर्टला जोडायचं आणि दोघांना वेगवेगळी नेटवर्कं द्यायची.

मामा: मग पिंग एकाच बाजूने जाईल. दुसऱ्याच्या मागून पहिल्याकडे जाईल, पहिल्याकडून मागे जाणार नाही. ते राउटर नॅट करतात, मागच्या सगळ्यांना एकाच पत्त्याआड लपवतात.

भाची: तेच तर शिकायचं! आधी एका बाजूने का जात नाही ते बघायचं. मग ज्यात सोय असेल त्यात नॅट आणि फायरवॉल बंद करायची, पहिल्याच्या स्टॅटिक राउटिंगच्या पानावर मागच्या नेटवर्कची वाट घालायची, आणि पुन्हा पिंग. बहुतेक घरगुती राउटरांत ते पान असतं, कुणी उघडत नाही एवढंच. त्या बाजूला तुमची फायरवॉलही भेटेल, घरच्या वायफायचा पत्ताही भेटेल. खर्च शून्य.

मामा: क्रॉस केबल मात्र भेटणार नाही.

भाची: ती तुमच्याकडून शिकले ना आज.

वाद इथे मिटला असं नाही. मामा अजूनही म्हणतील की आधी हात, मग पडदा. मला भाचीचा क्रम पटतो: जोडणी आधी पडद्यावर करावी, पॅकेट कुठे मरतं ते डोळ्यांनी पाहावं, मग तीच टेबलावर उभी करावी आणि जिथे टेबल पडद्यासारखं वागत नाही तिथे थांबून कारण शोधावं. पण ही दुसरी पायरी गाळून चालणार नाही, हे मामांचं म्हणणं मी जसंच्या तसं उचलतो. वायफायचा पत्ता, फायरवॉलचा स्कोप आणि न जतन केलेलं कॉन्फिग या तिन्ही गोष्टी भाचीला टेबलानेच शिकवल्या. नोकरीत भेटतात त्या याच.

म्हणून एक विनंती. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, शेवगाव, तुम्ही कुठेही असा, तुमच्या घरात, दुकानात किंवा पतसंस्थेच्या कपाटात जुना चालू राउटर पडून असेल तर तो भंगारात घालू नका. मागचं बटण दाबून धरून तो रिसेट करा, म्हणजे तुमचे पासवर्ड पुसले जातील. मग अॅडॉप्टरसकट जवळच्या आयटीआयला, पॉलिटेक्निकला किंवा शेजारच्या संगणक शिकणाऱ्या मुलीला द्या. एक कुणी आधीच दिला असेल, तर तुमचा दुसरा.